आलापल्लीच्या पुढे गाडी चालवताना

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. गाडीतली माणसं मग खिडकीबाहेर बघायला लागतात. दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह, मधूनच बांबूच्या रांज्या. रस्ता मोकळा. बऱ्याच वेळाने समोरून एखादी एसटी नाहीतर मोटारसायकल येते. चालकही सैलावतो. मग पेरमिली जवळ येते आणि खिशातला फोन जागा होतो. मध्ये अडकलेले सगळे मेसेज एकामागोमाग येऊन पडतात. चालकाचा हात खिशाकडे जातो आणि नजर खाली.

या रस्त्यावर सोळा वर्षं ये-जा केल्यावर मला सगळ्यांत आधी सांगावीशी वाटते ती गोष्ट हीच. टॉवर गावाजवळ असतो, म्हणून रेंजही गावाजवळच येते. सुनसान जंगलात चालकाची नजर रस्त्यावर असते. जिथे बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बाया असतात, शाळा सुटलेली पोरं असतात, डांबरावर बसलेली गुरं असतात, नेमकी तिथे ती फोनवर जाते. भामरागडच्या अलीकडच्या हेमलकशाला येणाऱ्या पाहुण्यांना हे माहीत नसतं, आणि रोज येणाऱ्यांना त्याची सवय झालेली असते.

यावर उपाय सोपा आहे. आलापल्लीला चहा घ्याल तेव्हा घरी एक फोन करा, ‘आता दोन तास फोन लागणार नाही’ असं सांगा आणि फोन मागच्या सीटवरच्या माणसाच्या हाती द्या. एकटे असाल तर आवाज बंद करून डिकीत टाका. खिशात ठेवू नका, मांडीवर तर मुळीच नको. पेरमिलीत, ताडगावात किंवा कुडकेलीत मेसेज बघायचेच असतील, तर गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली उतरवून उभी करा, इंजिन बंद करा, खाली उतरा आणि निवांत बघा. कानात यंत्र घालून बोलणं सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. हात मोकळे राहतात हे खरं, पण लक्ष बोलण्यातच असतं. डोळे समोर असूनही माणूस दिसत नाही, असं त्या वेळी खरोखर घडतं.

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जाते. मेसेज कुणाचा आहे एवढं बघायला तीन सेकंद लागतात, म्हणजे ५० मीटर. रस्त्याला लागून असलेल्या पाच-सहा घरांसमोरून तुम्ही डोळे मिटून गेलात, असा त्याचा अर्थ. त्यानंतर कुणी आडवं आलंच, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद आणखी जातो, आणि ब्रेक लागल्यावरही गाडी कोरड्या रस्त्यावर वीस-पंचवीस मीटर जातेच. हाच वेग ४० ठेवला तर थांबायला लागणारं सगळं अंतर जवळपास निम्म्यावर येतं. आलापल्ली ते हेमलकसा हे अंतर साठेक किलोमीटर आहे. गावाआधी वेग चाळीसवर आणि गावात वीस-पंचवीसवर आणल्याने सगळ्या प्रवासात दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

मोकळा रस्ता सुरक्षित, ही समजूत आकड्यांतही टिकत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर. आणि एकूण अपघातांपैकी सुमारे ६७ टक्के सरळ रस्त्यावर झालेले होते. घाटात, वळणावर आपण दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतो आणि सावध होतो. सरळ रस्त्यावर मन भटकतं.

आणि हा रस्ता मोकळा नसतोच. इथल्या माणसांच्या आयुष्यात तो फार उशिरा आला. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले, तेव्हा पावसाळ्यात या भागाचा जगाशी संबंध महिनोन्‌महिने तुटायचा. आजारी माणसाला खाटेवर घालून, खांद्यावर घेऊन, लोक जंगलातून चालत दवाखान्यात आणायचे. पायवाटेवर चालण्याची ती रीत इथल्या माडिया आदिवासींच्या अंगात अजूनही आहे. रुंद डांबरी रस्त्यावरही पाच-सहा जण एकामागे एक, एका ओळीत चालतात. डोक्यावर मोळी किंवा टोपली, काखेत मूल, पाठ गाडीकडे. हॉर्न वाजला की ओळीतली पुढची बाई डावीकडे सरकते, मागची उजवीकडे, आणि लहान पोर आईकडे धाव घेतं. पोर रस्ता ओलांडतं ते अशा वेळी.

म्हणून हॉर्न दुरूनच वाजवायचा. शंभर-दीडशे मीटरवरून, एकदाच, छोटा. जवळ गेल्यावर कर्कश हॉर्न दिला की माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. ओळीतली माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाली असतील, तर थांबा. त्यांना एकत्र येऊ द्या, मग जा. एक पोर पळत गेलं की त्याच्या मागे दुसरं असतंच, हे गृहीत धरा. चेंडूमागे पोर, वासरामागे गाय, शेळीमागे अख्खा कळप.

गुराढोरांचं सांगायला हवं, कारण शहरातून आलेल्या चालकांना त्यांचा अंदाज नसतो. शेळ्या पुढच्या शेळीकडे बघून चालतात. ती पलीकडे गेली असेल तर उरलेल्या गाडीच्या चाकाखालूनही जातील, म्हणून कळपाचे दोन भाग झालेले दिसले की मधून गाडी घालू नये. म्हैस हॉर्नला हलत नाही. तिला वळसा घालायचा तो मागच्या बाजूने, कारण चालायला लागली तर ती पुढे जाते. गाय थबकते, तुमच्याकडे बघते आणि तुम्ही वेग वाढवलात की निघते. पावसाळ्यात गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात, कारण तिथे कोरडं असतं आणि माश्या-डास कमी असतात. काळ्या रस्त्यावर बसलेली काळी म्हैस दिव्याच्या उजेडात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

ऋतूप्रमाणे रस्त्यावरची माणसं बदलतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. त्या दिवसांत अंधार असतानाच बायका आणि मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. रस्त्याकडेचा मोह असेल तर फुलं रस्त्यावरही पडतात आणि ती वेचणारी वाकलेली बाई बोनेटवरून दिसत नाही. त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. मे महिन्यात तेंदूपानांचं काम चालतं. भल्या पहाटे जंगलात गेलेली कुटुंबं दुपारी पानांचे गठ्ठे घेऊन परततात. उन्हाने, भुकेने थकलेल्या माणसाला गाडीचा आवाज ऐकू येऊनही सुचत नाही. आणि बाजाराचा दिवस असला की संध्याकाळी सगळा रस्ताच घरी चाललेला असतो, एका मोटारसायकलवर तिघे-चौघे, हँडलला पिशव्या, मागे बसलेल्याच्या हातात कोंबडं. अशा मोटारसायकलला ओव्हरटेक करताना एक पूर्ण मोटारीएवढी जागा सोडा. कोंबडं फडफडलं तरी ती गाडी हेलकावते.

आता दुसऱ्यांच्या निष्काळजीपणाबद्दल. आपण कितीही सांभाळून चालवलं तरी समोरचा कसा चालवेल हे आपल्या हातात नाही. आपल्या हातात असते ती जागा आणि वेळ. समोरचा चुकणार असं धरून दोन्ही थोडी जास्त ठेवायची. मी हे शिकले ते एका संध्याकाळी, ताडगावच्या अलीकडे. माझ्या पुढे एक पांढरी जीपगाडी होती. ती हळूहळू उजवीकडे सरकत होती, मध्येच झटक्याने डावीकडे येत होती, पुन्हा सरकत होती. आधी वाटलं, चालक प्यायला आहे. मग काच खाली असलेल्या खिडकीतून हात बाहेर आला आणि हातात फोन होता. तो मावळतीचा व्हिडिओ काढत होता. समोरून सायकलवर एक म्हातारा येत होता, कॅरिअरला लाकडं बांधलेली. मी हॉर्न दिला, दिवे मारले, काही उपयोग नाही. म्हाताऱ्यानेच सायकल रस्त्याखाली उतरवली आणि तो लाकडांसकट झुडपात पडला. जीप थांबली नाही. चालकाला काही घडल्याचं कळलंच नसावं. आम्ही म्हाताऱ्याला उठवलं. कोपर खरचटलं होतं. त्याने आधी लाकडं मोजली.

तेव्हापासून पुढची गाडी अशी तरंगताना दिसली, सरळ रस्त्यावर उगाच हळू-जोरात होताना दिसली, की मी तिला ओव्हरटेक करत नाही आणि तिच्या मागेही लागत नाही. गाडी बाजूला घेते, पाच मिनिटं थांबते, पाणी पिते. ती पुढे निघून जाते. मागचा चालक अंगावर येत असेल, सारखे दिवे मारत असेल, तर त्याला धडा शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. अचानक ब्रेक मारू नका. हळूहळू वेग कमी करा, डावा इंडिकेटर द्या, जिथे साइडपट्टी चांगली आहे तिथे डावीकडे घेऊन त्याला जाऊ द्या. समोरून ओव्हरटेक करत कुणी तुमच्या बाजूला आला, तर बहुतेकांचा हात आधी हॉर्नवर जातो. आधी पाय ब्रेकवर जायला हवा, नजर साइडपट्टीवर, आणि हॉर्न नंतर. तुमचं बरोबर असेल, पण ते सिद्ध करण्याची जागा रस्ता नव्हे.

आष्टी ते आलापल्ली हा पट्टा वेगळा आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचे हायवा, म्हणजे मोठे टिपर, आणि ट्रक तिथून जातात, एकामागे एक, धुरळा उडवत. जानेवारी २०१९ मध्ये आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटीची धडक होऊन माणसं गेली, आणि संतापलेल्या लोकांनी ट्रक जाळले. त्या संतापामागे रोजचं भय होतं, हे इथे राहणाऱ्या कुणालाही समजेल. ७ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली गावची मुलं रस्त्याच्या कडेला व्यायाम करत होती. ट्रकने त्यांना चिरडलं, चार मुलं गेली. हाच राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी पुढे गडचिरोली, आष्टी, आलापल्लीवरून सिरोंच्याकडे जातो. या भागात पोलीस भरतीची तयारी करणारी, सकाळी धावणारी मुलं गावोगाव आहेत. त्यांना धावायला मैदान नाही, रस्ताच आहे. पहाटे चार ते सहा या वेळात रात्रभर चालवून आलेल्या चालकाच्या डोळ्यांवर झापड असते आणि त्याच वेळी ही मुलं बाहेर पडतात. धावणाऱ्यांनी उजव्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धावावं, पांढरे कपडे घालावेत, आणि बसून करायचे व्यायाम रस्त्यावर कधीच करू नयेत. खरं तर हे मुलांना सांगताना मला लाज वाटते. गावाजवळ एक मैदान करून देणं ही त्यांची जबाबदारी नव्हे.

हायवाच्या मागे असाल तर एक खूण लक्षात ठेवा. त्याच्या बाजूच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. त्याच्या डाव्या अंगाला, केबिनच्या खाली, मोटारसायकल तर सोडाच, छोटी मोटारही दडते. डावीकडून घुसू नका. धुरळ्यात ओव्हरटेक नको. धुरळ्यापलीकडे दुसरा हायवा असतो, कारण ते जोडीने, चौकडीने चालतात. शंभर मीटर मागे राहा आणि धुरळा बसू द्या. गाडीचे पुढचे दिवे दिवसाही लावा.

पाहुण्यांपैकी पुष्कळ जण नागपूरहून किंवा चंद्रपूरहून गाडी भाड्याने करून येतात. नागपूरहून हेमलकसा सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर पडतं. सकाळी निघायचं, दुपारी प्रकल्प आणि प्राण्यांचं अनाथालय बघायचं, भामरागडच्या त्रिवेणी संगमावर फोटो काढायचे आणि रात्री परत, असा बेत कुणी आखला तर तो मोडून काढा. एका चालकाने एका दिवसात साडेसहाशे किलोमीटर, त्यातला परतीचा जंगलातला पट्टा अंधारात, हे त्याच्यावर आणि तुमच्यावर अन्याय करणारं आहे. मुक्काम करा. चालकाच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय विचारून घ्या. रात्री तो गाडीत सीट मागे करून झोपणार असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या डोळ्यांवर काय असेल, हे तुम्हीच समजून घ्या.

आणि तो फोनवर बोलत असेल तर बोला. इथे आपण अडखळतो. सुशिक्षित माणसंसुद्धा भिडेपोटी गप्प बसतात. त्याला वाईट वाटेल, आपण घाबरट ठरू, असं वाटतं. मी आधी हसून सांगते, “भाऊ, फोन माझ्याकडे द्या, मी उचलते. कोण आहे ते सांगते.” दहातले आठ जण देतात. कुणी म्हणतो, “काही नाही होत ताई, रोजचाच रस्ता आहे.” त्याला मी म्हणते, “रोजचाच आहे म्हणून सांगते भाऊ, आम्हाला घाई नाही. बाजूला घ्या, बोलून घ्या, मग निघू.” त्यात त्याचा अपमान होत नाही आणि थांबण्याची जबाबदारी आपल्यावर येते. त्यावरही ऐकलं नाही, तर पुढच्या गावात गाडी थांबवायला सांगा आणि खरोखर उतरा. एकदा मी पेरमिलीत उतरले होते. एसटी येईपर्यंत दीड तास बसले. कायदाही तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक चालवणं धरलं जातं आणि पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. पण जंगलात पोलीस फोन धरलेला हात बघायला उभा नसतो. तिथे गाडीत बसलेल्यांनीच बोलायचं असतं.

रात्रीचा प्रवास शक्यतो टाळाच. करावा लागलाच, तर गाडीचे दिवे जेवढा रस्ता दाखवतात तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवा. डिपरवर तीस-चाळीस मीटर नीट दिसतं, म्हणजे वेग चाळीसच्या वर जायला नको. समोरून कुणी अप्पर मारत आला तर त्याच्या दिव्याकडे बघू नका, आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत जा आणि वेग कमी करा. त्याला अप्पर मारून उत्तर देऊ नका, दोघेही आंधळे होतील. बिघडलेला ट्रक मागच्या दिव्यांशिवाय उभा असतो आणि त्याच्या मागे चालकाने झाडाच्या फांद्या टाकलेल्या असतात. रस्त्यावर फांदी दिसली की ती वाऱ्याने पडली असेल असं समजू नका, लगेच वेग उतरवा. चाकांना लावलेले दगड ट्रक निघून गेल्यावर तिथेच राहतात. दिवसा असे दगड दिसले, मागे-पुढे गाडी नसली आणि तुमची गाडी सुरक्षित उभी करता आली, तर ते उचलून कडेला टाका. रात्री येणारा मोटारसायकलवाला त्यावरून जाणार असतो.

पावसाळ्यात निष्काळजीपणाचं रूप वेगळं असतं. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा नदी आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथे जवळच एकत्र येतात, आणि इंद्रावतीला पूर असला की पर्लकोटेचं पाणी पुढे जात नाही, मागे फुगतं. आपल्याकडे ऊन पडलेलं असताना पुलावर पाणी चढतं ते त्यामुळे. वरती छत्तीसगडात पाऊस झालेला असतो. जुना पूल कितीतरी पावसाळ्यांत पाण्याखाली गेला आहे आणि भामरागड तुटलं आहे. रस्त्यातल्या नाल्यांवरच्या रपट्यांची, म्हणजे बुटक्या पुलांचीही, तीच गत. पाण्याच्या काठावर चार-सहा गाड्या थांबलेल्या असतात आणि एखादा म्हणतो, “मघाशी ट्रॅक्टर गेला.” ट्रॅक्टर गेला म्हणून मोटार जात नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी मोटार तरंगायला लागू शकते, आणि पाण्याखालचा रपटा अजून जागेवर आहे का, हे वरून दिसत नाही. थांबलेल्यांत गावचा जुना माणूस असेल तर त्याला विचारा आणि तो ‘नको’ म्हणाला तर तिथेच वाद संपवा.

अपघात झालाच तर काय करायचं, हे या भागात येणाऱ्या प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवावं, कारण शहरातल्यासारखी मदत दहा मिनिटांत येत नाही. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लावा. रेंज नसेल तर येणारी पहिली मोटारसायकल थांबवा आणि तिच्या हाती चिठ्ठी द्या. तोंडी निरोप वाटेत बदलतो. चिठ्ठीत जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जखमी किती, शुद्धीवर किती, एवढं लिहा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर दाबून धरा आणि धरूनच ठेवा, सारखं उचलून बघू नका. अंगात काही रुतलं असेल तर ते उपसू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. गाडी पेटण्याचा किंवा दुसरी गाडी आदळण्याचा धोका नसेल, तर मान-पाठ दुखावलेल्या माणसाला ओढून बसतं करू नका. हेमलकशाला प्रकल्पाचा दवाखाना आहे, भामरागडला आणि अहेरीला सरकारी रुग्णालयं आहेत. जवळ कुठलं पडतं ते गावकऱ्यांना विचारा.

पोलिसांच्या लफड्याच्या भीतीने लोक थांबत नाहीत. ही भीती आता सोडायला हवी. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४ क नुसार, जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याला करता येत नाही. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला ‘राहवीर’ योजनेत २५ हजार रुपये मिळतात. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीवर ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता होऊ शकतात. धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडली नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. जंगलातल्या कुटुंबाला हे सांगणारं कुणी नसतं. तुम्ही अपघात पाहिला असेल तर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि जागा कागदावर लिहून त्या कुटुंबाच्या हाती द्या. त्या कागदावाचून दावे अडून राहिलेले मी पाहिले आहेत.

इथल्या तरुणांशीही बोलायला हवं, आणि उपदेशाचा सूर न लावता. मोटारसायकल आली आणि बाजार, दवाखाना, कॉलेज जवळ आलं, हे मोठं सुख आहे. पण गाव ते गाव जाताना हेल्मेट घरी असतं, सोळा वर्षांचा भाऊ गाडी चालवतो आणि लग्नात, पंडुमात म्हणजे गावच्या सणात, थोडी मोहाची घेतलेली असते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे त्यांना सांगितलं की ऐकतात, कारण गाडी हप्त्याची असते. घेतलेल्या माणसाला रात्री लग्नाच्या घरीच झोपवा, हे सांगण्याचं काम घरातल्या बायांचं आहे असं मी बचत गटांच्या बैठकीत नेहमी म्हणते, आणि आता काही गावांत त्या चावी काढून घेतात. चावी तांदळाच्या डब्यात जाते, सकाळी मिळते.

गेली तीन वर्षं मी गाडीत लाल-पिवळ्या चमकणाऱ्या चिकटपट्टीचा रोल ठेवते. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या उभ्या असतात तिथे जाते. मालकाला विचारून मागच्या दांड्यांवर वीतभर पट्टी लावून देते, सायकलच्या मडगार्डवर आणि काहींच्या काठीवरही. एका रोलमध्ये पुष्कळ गाड्या होतात. परवा एका आजोबांनी गाडीचं जूसुद्धा पुढे केलं. मी म्हटलं, “आजोबा, मागून येणाऱ्याला दिसायला हवं, पुढे कशाला?” ते म्हणाले, “समोरूनही येतात ना, बाई.” मग आम्ही दोन्ही बैलांच्या मध्ये, जुवावर, बरोब्बर बसेल असा तुकडा कापून लावला.